मीटरला काय काय माहीत असतं?

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला लागून सँडवेल नावाचा भाग आहे. १८ मे २०२१ रोजी वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी तिथल्या ग्रेट ब्रिज औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यावर धाड घातली. खबर पक्की वाटत होती. दिवसभर वेगवेगळ्या वेळी माणसं येत-जात होती, बाहेर वायरींचं जाळं आणि हवा खेळती ठेवणारे पाइप दिसत होते, आणि पोलिसांच्या ड्रोनलाही त्या जागेतून बरीच उष्णता बाहेर पडताना दिसली होती. एवढ्या खुणा जुळल्यावर आत गांजाची लागवड असणार, याबद्दल कुणाला शंका उरली नव्हती.

आत एकही रोप नव्हतं. सुमारे शंभर यंत्रं रांगेत बसून बिटकॉइनचं मायनिंग करत होती.

पुढे चौकशीत कळलं की, त्या गाळ्यातली वीज चोरीची होती. म्हणजे पोलीस अगदीच रिकाम्या हाताने परतले नाहीत. पण ज्या गुन्ह्यासाठी ते आले होते, तो तिथे नव्हता. ही बातमी तेव्हा जगभर गंमत म्हणून फिरली. मला मात्र तिच्यात वेगळाच प्रश्न दिसतो. उष्णता आणि वीज यांच्याकडे पाहून आतला माणूस काय करतोय हे ओळखता येतं, असं पोलिसांना वाटायला लागलं कधीपासून? हा इतिहास बिटकॉइनच्या बराच आधी सुरू होतो. त्यात मीटर तेच राहतं, संशयित तेवढे बदलत जातात.

महिन्याला एक आकडा

थॉमस एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून वीज विकायला सुरुवात केली, तेव्हा ती मोजायची कशी हा प्रश्नच होता. त्याने काढलेला तोडगा आज गमतीचा वाटेल. काचेच्या बरणीत जस्ताच्या क्षाराचं द्रावण आणि त्यात जस्ताच्या पट्ट्या. वीज वाहिली की एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर जाऊन बसायचं. महिन्याकाठी कंपनीचा माणूस यायचा, पट्ट्या घेऊन जायचा, त्यांचं वजन करायचा आणि वजनातल्या फरकावरून बिल काढायचा. ग्राहकाला त्या बरणीकडे पाहून काहीच समजत नसे. आपल्या घरात किती वीज जळली, हे त्याच्याआधी कंपनीला कळायचं.

१८८९ मध्ये हंगेरीच्या ऑटो ब्लाथीने फिरत्या चकतीचं मीटर बनवलं. जुन्या घरांच्या जिन्याखाली काळ्या डब्यात संथपणे फिरणारी अ‍ॅल्युमिनियमची चकती तुम्ही पाहिली असेल, तर ते त्याच कुळातलं. पुढची शंभरेक वर्षं जगभरच्या घरांत हेच मीटर होतं. त्यात आकडे दिसत, त्यामुळे ग्राहकालाही वाचता येत. पण ते सांगायचं फार थोडं. महिन्यातून एकदा माणूस यायचा, आकडा लिहून घ्यायचा, मागच्या महिन्याचा आकडा वजा करायचा. वीज रात्री वापरली की दिवसा, मिक्सरला गेली की गिझरला, हे त्या वजाबाकीत कुठेच नसायचं.

या काळात घरातल्या विजेचा खासगीपणा कायद्याने राखलेला नव्हता. तो यंत्राच्या अडाणीपणामुळे राहिला होता. पुढे यंत्र हुशार झालं, तेव्हा हे उघडं पडलं.

रोख पैसे भरणारा माणूस

पोलिसांना आधी उपयोगी पडलं ते मीटर नव्हे, बिल.

सत्तरच्या दशकात पश्चिम जर्मनी रेड आर्मी फॅक्शन या डाव्या अतिरेकी संघटनेने हादरली होती. संघटनेची माणसं शहरांत खोट्या नावाने फ्लॅट भाड्याने घेऊन राहत. तिथल्या केंद्रीय गुन्हे पोलिसांचे प्रमुख होते होर्स्ट हेरोल्ड, संगणकावर अपार विश्वास असलेला माणूस. त्यांनी असा विचार केला : खोट्या नावाच्या माणसाला बँकेत खातं काढणं धोक्याचं. म्हणजे तो विजेचं बिल रोखीने भरत असणार. १९७९ मध्ये फ्रँकफर्टच्या वीजग्राहकांतून रोख भरणाऱ्यांची यादी निघाली. सुमारे १८,००० नावं होती. मग त्यातून एकेक गट वजा केला. ज्यांची रहिवासी म्हणून नोंद आहे ते, ज्यांच्या नावावर गाडी आहे ते, पेन्शन घेणारे, शिष्यवृत्ती घेणारे, घरमालक, विमा असलेले. हेरोल्डनी नंतर सांगितल्यानुसार शेवटी दोन खोटी नावं उरली. एक निघाला अमली पदार्थांचा व्यापारी. दुसरा होता रोल्फ हाइसलर, पोलिसांना हवा असलेला अतिरेकी. त्याला त्या वर्षी जूनमध्ये पकडण्यात आलं.

पोलिसांच्या दृष्टीने हे मोठं यश होतं, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दोन माणसं शोधण्यासाठी हजारो लोकांची नोंद चाळली गेली, आणि त्यांपैकी कुणाला त्याचा पत्ताही लागला नाही. रोखीने बिल भरणं हा गुन्हा नव्हता, तरी तेवढ्यावरून माणूस यादीत आला. यादीतून बाहेर पडायचं, तर सरकारच्या दुसऱ्या कुठल्या तरी वहीत त्याचं नाव असायला हवं होतं. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने अशा चाळणीला २००६ मध्ये लगाम घातला. ठोस धोका असल्याशिवाय ती लावता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. तोवर २७ वर्षं गेली होती.

गांजाचे दिवे

वीज किती वापरली यावरून थेट संशय घ्यायची पद्धत उत्तर अमेरिकेत रुजली, आणि त्याला कारण होतं गांजाची बंदिस्त लागवड. घरात रोप वाढवायचं तर सूर्य लागतो, आणि सूर्याच्या जागी हजार-हजार वॅटचे सोडियमचे दिवे लागतात. ते रोज १२ किंवा १८ तास जळतात. त्यांच्याबरोबर पंखे, पंप आणि थंडाव्याची यंत्रं येतात. बिल फुगतं आणि भिंती तापतात.

कॅनडातल्या कॅल्गरी शहराच्या पोलिसांकडे वीज विभागाच्या संगणकाला जोडलेलं टर्मिनलच होतं. पत्ता टाकला की वापर दिसायचा. एका घराबद्दल निनावी टीप आली, त्यांनी पाहिलं, तर वापर तशाच घरांच्या सरासरीच्या चौपट. या प्रकरणाचा निकाल कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये दिला. आरोपीचं आडनाव योगायोगाने प्लांट होतं. न्यायालय म्हणालं की, माणसाच्या आयुष्याचा गाभा उघड करणारी माहिती खासगी, पण विजेच्या वापराचा आकडा त्या गाभ्यात मोडत नाही. तो पाहायला वॉरंट नको.

अमेरिकेत प्रश्न भिंतीच्या उष्णतेवरून आला. जानेवारी १९९२ मध्ये ओरेगन राज्यातल्या फ्लोरेन्स गावात पहाटे तीनच्या सुमारास सरकारी माणसांनी रस्त्यावरच्या गाडीतून एका घरावर उष्णता दाखवणारा कॅमेरा रोखला. गॅरेजचं छप्पर आणि एक भिंत शेजाऱ्यांच्या घरापेक्षा गरम दिसली. हे चित्र, खबऱ्यांची माहिती आणि विजेची बिलं एकत्र करून वॉरंट मिळवलं गेलं, आणि आत शंभरावर रोपं सापडली. कायलो खटला म्हणून हे प्रकरण ओळखलं जातं. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की, सर्वसामान्यांच्या वापरात नसलेलं यंत्र घेऊन घराच्या आतलं काही टिपणं ही झडतीच आहे आणि तिला आधी वॉरंट हवं. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी उदाहरण दिलं ते घरातली बाई रोज रात्री किती वाजता अंघोळ करते याचं. तेही अशा कॅमेऱ्याला कळू शकेल, असं त्यांचं म्हणणं.

निकाल मोठाच. पण त्यात एक फट राहिली. कॅमेऱ्याला वॉरंट लागलं, बिलांना नाही. कारण अमेरिकेत तेव्हा असं मानलं जायचं की, बँकेला किंवा फोन कंपनीला तुम्ही आपणहून दिलेली माहिती तुमची खासगी उरत नाही. त्याच न्यायाने वीज कंपनीकडची नोंदही. भिंतीला संरक्षण मिळालं, भिंतीवरच्या मीटरला मिळालं नाही.

कॅल्गरीत पुढची पायरी आली. २००४ मध्ये पोलिसांनी वीज कंपनीला सांगून एका संशयिताच्या घराच्या लाइनवर विजेचा प्रवाह सतत नोंदवणारं उपकरण बसवलं. वॉरंट न घेता. पाच दिवसांच्या नोंदीत दिवे चालू-बंद होण्याची लय दिसली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हेही चालवून घेतलं. त्या निकालातला एक मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. अल्बर्टा प्रांताच्या नियमांनुसार ग्राहकाने ‘माझी माहिती देऊ नका’ असं कंपनीला सांगितलं असतं, तर ती गुप्त राहिली असती. त्याने तसं सांगितलं नव्हतं. असा नियम आहे हे किती ग्राहकांना माहीत असेल? मोबाइलमधल्या आधीच टिक केलेल्या चौकटींची सवय असलेल्या आपल्या पिढीला हा प्रकार ओळखीचा वाटेल.

शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने तर संशयासाठी टीपेचीही गरज ठेवली नाही. २००६ च्या कायदादुरुस्तीने वीज कंपनी जास्त वापराची घरं नगरपालिकेला कळवू लागली. रोज ९३ युनिट ही रेषा ठरली. तिच्यावर गेलात, तर आगीचा धोका तपासायला पथक दारात, सोबत पोलीस. २०१० मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने वॉरंटशिवाय अशा पथकांनी घरात शिरणं घटनाबाह्य ठरवलं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात या पद्धतीला अ‍ॅनॉमली डिटेक्शन म्हणतात. एक रेषा आखायची आणि तिच्यावरच्यांना वेगळं काढायचं. तिचा तोटा कागदावर पटकन दिसतो. समजा, एका शहरात एक लाख घरं आहेत आणि त्यांतल्या ५० घरांत खरोखर लागवड आहे. आपली रेषा इतकी चांगली की ती सगळी ५० पकडते, आणि बाकीच्यांतली फक्त एक टक्का घरं चुकून अडकतात. एक टक्का म्हणजे सुमारे १,०००. पोलीस १,०५० दारं ठोठावतील आणि त्यांतली हजार दारं पोहण्याचा तलाव असलेल्यांची, भट्टी लावून मातीची भांडी करणाऱ्यांची, मोठ्या एकत्र कुटुंबांची असतील. यात अजून एक मेख आहे. सराईत लागवडवाला मीटरला वळसा घालून वीज चोरतो. त्याचा आकडा कमीच दिसतो. रेषेवर सापडतो तो बहुतेक वेळा प्रामाणिकपणे बिल भरणारा.

मीटर शहाणं होतं

याच सुमारास प्रयोगशाळेत वेगळं काही घडत होतं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीत जॉर्ज हार्ट हा संशोधक एक प्रश्न सोडवत होता : प्रत्येक उपकरणाला वेगळं मीटर न लावता, घराच्या एकाच मुख्य लाइनवरून कुठलं उपकरण कधी चाललं हे ओळखता येईल का? येतं, असं त्याला दिसलं. फ्रिज सुरू झाला की घराचा एकूण लोड ठरावीक पायरीने वर जातो, बंद झाला की तेवढ्याच पायरीने खाली येतो. इस्त्रीची पायरी वेगळी, पंपाची वेगळी. पायऱ्या ओळखायला शिकलात की घराचा दिनक्रम वाचता येतो. हार्टचं मोठेपण असं की, आपल्या शोधातला धोका त्याने स्वतःच ओळखला. वीजप्रवाहातून घरांवर पाळत ठेवता येईल, असा इशारा देणारा लेख त्याने १९८९ मध्येच लिहिला. स्मार्ट मीटर घरोघरी पोचायला तेव्हा वीसेक वर्षं होती.

२००९ मध्ये नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने खासगीपणाच्या मुद्द्यावर स्मार्ट मीटरची सक्ती रोखली. २०११ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या संशोधकांनी दाखवलं की, दर दोन सेकंदांची नोंद मिळाली, तर टीव्हीवर कुठला सिनेमा चालू आहे हेही ओळखता येतं. पडद्यावर उजळ दृश्य आलं की वीज किंचित जास्त लागते, अंधारं आलं की कमी.

नाणं बनवणारी वीज

बिटकॉइनची पहिली नोंद ३ जानेवारी २००९ ची. त्याच्या मायनिंगचा सोपा अर्थ असा : जगभरची यंत्रं एकाच वेळी एक निरर्थक पण अवघड गणिती अंदाज लावत बसतात, ज्याचा अंदाज आधी लागतो त्याला नवी नाणी मिळतात. जितके जास्त अंदाज, तितकी संधी जास्त, आणि प्रत्येक अंदाजाला वीज लागते. सुरुवातीला घरच्या संगणकावर हे व्हायचं, मग गेमिंगच्या ग्राफिक्स कार्डांवर. २०१३ पासून फक्त याच कामासाठी बनवलेली यंत्रं आली.

२०२० मधलं असं एक लोकप्रिय यंत्र, अँटमायनर एस१९ प्रो, ३,२५० वॅट खातं. चोवीस तास चालवलं तर दिवसाला ७८ युनिट, महिन्याला २,३४० युनिट. शंभर-दोनशे युनिटांत महिना काढणाऱ्या घराच्या तुलनेत हे किती, ते तुम्हीच ताडा. ब्रिटिश कोलंबियाच्या ९३ युनिटांच्या रेषेच्या जवळ नेऊन ठेवायला एकच यंत्र पुरतं. खाल्लेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते, म्हणून पंखे आणि पाइप आलेच. वीज, उष्णता, पंखे ही गांजाची जुनी खूण नव्या धंद्याला जशीच्या तशी लागू झाली.

ही गफलत लवकरच दिसली. २०११ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ‘कोलंबस डिस्पॅच’ या वृत्तपत्राने बातमी दिली की, पोलीस गांजाच्या शोधात वीज कंपन्यांकडून ग्राहकांची माहिती मोठ्या संख्येने मागवत आहेत. त्यात एक उदाहरण होतं. पोलिसांना मोठी लागवड वाटली, पण त्या घरात निघाले संगणक, कसल्याशा व्यवसायाचे. बातमीत बिटकॉइनचं नाव नव्हतं. पण थोड्याच दिवसांत ही गोष्ट ‘बिटकॉइनवाल्याच्या घरावर गांजाची धाड’ अशी सांगितली जाऊ लागली. पोलिसांनी विजेच्या आकड्यावरून गांजा ओळखला, आणि ऐकणाऱ्यांनी संगणकांवरून बिटकॉइन. दोन्हीकडे मधली रिकामी जागा अंदाजाने भरली गेली.

दहा वर्षांत चित्र उलटलं. आधी मायनिंग करणारा चुकून पकडला जायचा, आता तोच सावज झाला. एप्रिल २०१८ मध्ये चीनच्या त्यानजिन शहरात वीज कंपनीने असाधारण वापराची तक्रार केली आणि पोलिसांनी ६०० संगणक जप्त केले. इराणने २०१९ मध्ये मायनिंगला परवाना पद्धतीने मान्यता दिली, मे २०२१ मध्ये वीजटंचाईमुळे चार महिने बंदी घातली, आणि तिथल्या सरकारी वीज कंपनीने चोरून मायनिंग करणाऱ्यांची खबर देणाऱ्यांना बक्षिसं लावली. मलेशियाच्या मिरी शहरात जुलै २०२१ मध्ये वीजचोरीत जप्त केलेली १,०६९ यंत्रं पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडली. जानेवारी २०२२ मध्ये कोसोव्होने मायनिंगवर बंदी घातली आणि यंत्रांची जप्ती सुरू केली.

सगळ्यांत लक्षणीय उदाहरण कुवेतचं, कारण तिथे प्रश्न थेट घरांचा होता. २०२५ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर वीज कमी पडू लागली, तेव्हा सरकारने अल-वफ्रा भागात मोहीम काढली. सुमारे शंभर घरांत मायनिंग चालू असल्याचं वीज खात्याचं म्हणणं होतं, काही घरांचा वापर नेहमीच्या वीसपट. मोहिमेनंतर त्या भागातला वापर ५५ टक्क्यांनी घसरल्याचं सरकारने सांगितलं.

इथे पोलिसांची बाजू कमजोर नाही. कुवेत आणि इराणमध्ये घरगुती वीज सरकार तोट्यात विकतं. घरात पंखा, दिवा, एसी चालावा म्हणून दिलेली सवलत एखादा माणूस नाण्यांत बदलून परदेशात विकतो, आणि उन्हाळ्यात शेजाऱ्याचा दिवा जातो. ज्याच्या गल्लीतला डीपी जास्त लोडने जळला आहे, त्याला हे वेगळं समजावायला नको. सगळ्यांच्या ताटातलं एकट्याने ओढून घेणं हा खासगी मामला नसतो.

पण हा त्रास नेमका कशामुळे होतो ते पाहा. होतो तो किती वीज ओढली यामुळे. ती कशासाठी ओढली, याच्याशी डीपीला देणंघेणं नाही. लोड मोजायला, जास्तीचा दर लावायला, मंजूर लोड ओलांडला तर जोडणी तोडायला वीज कंपनी पुरेशी आहे. घरात शिरून यंत्र कुठलं आहे हे पाहायची गरज पोलिसांना असते, तारेला नसते. या दोन गोष्टी एकत्र झाल्या की, विजेची काटकसर हे घराच्या झडतीचं कारण बनतं.

आपल्या जिन्याखालचं मीटर

अमेरिकेच्या एका संघीय अपील न्यायालयाने २०१८ मध्ये इलिनॉय राज्यातल्या नेपरव्हिल शहराच्या खटल्यात हा फरक चांगला पकडला. शहर दर १५ मिनिटांनी घरांचा वापर नोंदवत होतं. न्यायालय म्हणालं, ही झडतीच आहे, कारण यातून घराच्या आतलं कळतं. मात्र नोंद वीजपुरवठा नीट चालवायला आहे, कुणावर खटला भरायला नाही, म्हणून ती वाजवी. नोंदीचं अंतर कमी झालं किंवा ती पोलिसांना सहज मिळू लागली, तर आमचं उत्तर बदलू शकेल, असंही न्यायालयाने बजावलं.

आता भारतात या. २०२१ पासून केंद्राच्या योजनेत देशभर स्मार्ट मीटर बसत आहेत. महाराष्ट्रात त्यावरून आंदोलनं झाली. बहुतेकांचा राग वाढीव बिलावर आणि प्रीपेडवर होता, तो समजण्यासारखा आहे. खासगीपणाबद्दल फारसं कुणी बोललं नाही. हे मीटर १५ किंवा ३० मिनिटांनी नोंद करतं. दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर लावायचा, तर तशी नोंद लागणारच. तुम्ही कधी उठता, कधी घराबाहेर असता, रात्री किती वाजेपर्यंत जागता, हे त्या नोंदीतून बऱ्यापैकी कळतं.

मायनिंग हा भारतात गुन्हा नाही. मिळालेल्या नाण्यांच्या विक्रीच्या नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के कर आहे, आणि यंत्रांचा खर्च त्यातून वजा होत नाही. घरगुती जोडणीवर धंदा केला, तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. महाराष्ट्रात घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्यांना महिन्याला ३०० युनिटांपर्यंत घरगुती दर चालतो. वरचं यंत्र ती मर्यादा चार दिवसांत ओलांडेल. आणि वरच्या स्लॅबच्या दराने आपल्याकडे हा धंदा मुळात परवडतच नाही. तारेवर आकडा टाकला, तर ती चोरी, तिच्यासाठी कलम १३५ आहे. त्यात एक जुन्या वळणाची अट आहे : सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घराची झडती घ्यायची, तर घरातला प्रौढ पुरुष हजर हवा. ‘पुरुष’ या शब्दावर भांडता येईल, पण घर आणि रात्र या दोन गोष्टींचा मान ठेवायला हवा, एवढं कायदा लिहिणाऱ्यांना सुचलं होतं.

मीटरच्या नोंदीबद्दल असं काही सुचलेलं नाही. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात हात घालायचा, तर कायदा हवा, योग्य कारण हवं आणि कारणाच्या मानानेच हस्तक्षेप हवा. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने मात्र गुन्ह्याचा तपास किंवा प्रतिबंध यासाठी बहुतेक बंधनांतून सूट दिली. आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ नुसार पोलीस ठाण्याचा प्रमुख अधिकारी लेखी आदेश देऊन तपासाला लागणारा कागद किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद मागवू शकतो. न्यायाधीशाची सही लागत नाही.

याला एक अपवाद आहे. टपाल खात्याच्या ताब्यातलं पत्र किंवा पार्सल हवं असेल, तर पुढचं कलम ९५ लागतं. तिथे निर्णय ठाण्याच्या हातात नाही. जिल्हा दंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी, सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय यांनी तो द्यायचा. पोलीस अधीक्षक फार तर पत्र शोधून अडवून ठेवायला सांगू शकतात. ही तरतूद जुन्या फौजदारी संहितेतून जशी होती तशी आली. म्हणजे पोस्टमनही वाचू शकतो अशा पन्नास पैशांच्या उघड्या पोस्टकार्डाला आपल्या कायद्यात जेवढं संरक्षण आहे, तेवढं तुमच्या घरातल्या प्रत्येक पाव तासाच्या नोंदीला नाही.

हे दुरुस्त करायला मोठ्या क्रांतीची गरज नाही. बिलासाठी लागते तेवढीच नोंद ठेवायची आणि ठरावीक मुदतीनंतर पुसायची. ग्राहकाची नोंद कुणी, कधी मागितली हे त्याला नंतर तरी कळवायचं. तारेवरचा लोड आणि चोरी हे वीज कंपनीचं काम, तेवढ्यापुरते आकडे तिने वापरायचे. त्यापलीकडे एखाद्या घराची सविस्तर नोंद पोलिसांना हवी असेल, तर पत्रासाठी जी सही लागते तीच इथेही लागायची. खरोखर चोर असेल, तर न्यायाधीशाला ते पटवून द्यायला पोलिसांना फार वेळ लागणार नाही.

सँडवेलच्या पोलिसांकडे निदान वॉरंट होतं. त्यांचा अंदाज चुकला, तरी तो कुणापुढे तरी आधी मांडावा लागला होता.